गावोगावी सिंहदरबार

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी नेपाळच्या मध्य-पश्चिम डोंगरातल्या रोल्पा आणि रुकुम जिल्ह्यांत पोलीस चौक्यांवर हल्ले झाले. त्याच दिवशी गोरखा जिल्ह्यात कृषी विकास बँकेच्या एका कार्यालयात शिरून माओवाद्यांनी कर्जाचे कागद जाळून टाकले. डोंगरातल्या शेतकऱ्याला सरकार भेटायचं ते बहुतेक याच दोन रूपांत, पोलीस म्हणून नाहीतर वसुली म्हणून. रस्ता नाही, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, आणि कुठल्याही कामाचा निकाल लागायचा तो काठमांडूच्या सिंहदरबारात. राणा घराण्यातल्या पंतप्रधानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या राजवाड्यात पुढे देशाचं सचिवालय आलं. नेपाळी माणूस आजही 'सिंहदरबार' म्हणतो तेव्हा त्याला इमारत नव्हे, सरकार म्हणायचं असतं.

त्या दिवशी सुरू झालेल्या आणि दहा वर्षं चाललेल्या माओवादी युद्धात सुमारे १७ हजार माणसं मेली, तेराशेहून अधिक बेपत्ता झाली. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते प्रचंड यांनी सर्वंकष शांतता करारावर सह्या केल्या. बंदुका थांबल्या. पण ज्या गावात एका घरचा मुलगा लष्कराने नेला आणि शेजारच्या घरचा बाप माओवाद्यांनी मारला, त्या गावाचा कारभार उद्यापासून कोणी बघायचा, पाण्याची पाळी कोणी ठरवायची, जन्माचा दाखला कोणी द्यायचा, याचं उत्तर करारात नव्हतं. ते शोधायला नेपाळला पुढची ११ वर्षं लागली. जे सापडलं ते मात्र धाडसी होतं. युद्धातून बाहेर पडलेल्या फार थोड्या देशांनी गावपातळीच्या सत्तेत आजवर उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसांना कायद्याने इतकी जागा दिली आहे. त्या जागेचं पुढे काय झालं, यातच या विषयाचं मर्म आहे.

रिकामी खुर्ची

युद्धाआधीपासून नेपाळच्या गावांत 'गाव विकास समिती' असायची. लोक तिला 'गाविस' म्हणत. साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था. एकेका गाविसात नऊ वडा, म्हणजे प्रभाग. १९९७ साली या समित्यांच्या निवडणुका झाल्या तेव्हा प्रत्येक वडात एक जागा स्त्रीसाठी होती आणि देशभरात ३५ हजारांहून अधिक स्त्रिया निवडून आल्या. कागदावर हा आकडा मोठा होता. पण पाचांत एकटी बसलेली बाई बहुतेक ठिकाणी सहीपुरती उरली.

युद्ध पसरत गेलं आणि या संस्थेचा कणाच मोडला. माओवाद्यांनी शेकडो गाविस कार्यालयं जाळली किंवा उडवली. सरकारी सचिव जीव मुठीत धरून जिल्ह्याच्या मुख्यालयात जाऊन बसले. गावातल्या बाईला मुलाची जन्मनोंद करायची तर दोन दिवस चालत जिल्ह्याच्या गावी जावं लागे, तिथे सचिव कुठल्या हॉटेलच्या खोलीत बसतो ते शोधावं लागे. जुलै २००२ मध्ये लोकप्रतिनिधींची मुदत संपली. सरकारने मुदत वाढवली नाही आणि निवडणूकही घेतली नाही. तेव्हापासून वडाची खुर्ची रिकामी राहिली. फेब्रुवारी २००६ मध्ये राजा ज्ञानेंद्र यांनी नगरपालिकांच्या निवडणुका घेऊन पाहिल्या. प्रमुख पक्षांनी बहिष्कार टाकला, मतदार जेमतेम पाचातला एक आला.

रिकाम्या जागेत दुसरं सरकार येऊन बसलं. माओवाद्यांनी आपल्या ताब्यातल्या भागात 'जनसरकार' स्थापन केलं, 'जनअदालत' भरवली, कर गोळा केला. रोल्पात त्यांनी 'शहीद मार्ग' नावाचा रस्ता खोदायला घेतला आणि त्यासाठी घरटी माणसं कामाला जुंपली. जनअदालतीने काही ठिकाणी दारूबंदी केली, बहुपत्नीत्व आणि शिवाशिवीला दंड केला. दलितांना आणि बायकांना त्यात आशेचा किरण दिसला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण निकाल देणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक होती आणि त्या निकालावर अपील नव्हतं. दिवसा फौज येई, रात्री माओवादी येत, आणि दोघांनाही जेवू घालावं लागे.

या पडझडीतही एक संस्था तगली, ती सामुदायिक वनाची. १९९३ च्या वन कायद्याने नेपाळमध्ये गावाच्या वापरातलं जंगल गावातल्या 'उपभोक्ता समूहा'च्या हाती दिलं जाऊ लागलं. आज असे समूह २२ हजारांच्या आसपास आहेत. त्यांचं काम दिसायला साधं आहे. गवत आणि सरपणासाठी जंगल वर्षातले कुठले दिवस उघडायचं ते सभेत ठरवायचं, राखणदार नेमायचा, चोरून झाड तोडणाऱ्याला दंड करायचा, जमलेल्या पैशातून पायवाट किंवा शाळेची खोली बांधायची, आणि हे सगळं कार्यवृत्ताच्या वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्यायच्या. युद्धात दोन्ही बाजूंनी या समूहांकडे संशयाने पाहिलं. तरी पुष्कळ ठिकाणी त्यांची सभा भरत राहिली, कारण सरपण कुठल्याच पक्षाचं नसतं. वडात प्रतिनिधी नसलेल्या त्या काळात गावकऱ्यांनी स्वतः निवडलेली समिती अनेक गावांत हीच एक उरली होती. पुढे वडाच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या बऱ्याच स्त्रियांनी सभेत बोलायला आणि हिशेब विचारायला सुरुवात केली ती अशा वनसमूहांत, नाहीतर गावच्या आमा समूहात, म्हणजे आपल्याकडच्या महिला मंडळात.

सर्वपक्षीय वाटणी

करार झाला, २००८ मध्ये राजेशाही गेली, संविधान सभा निवडून आली. तिच्या ६०१ सदस्यांत १९७ स्त्रिया होत्या. दक्षिण आशियात हे कौतुकाचं ठरलं. वडा मात्र रिकामेच राहिले. देशाची रचना कशी असावी यावर नेत्यांचं एकमत होईना आणि त्याशिवाय स्थानिक निवडणूक घेता येईना.

मधल्या काळात कारभार चालवायला एक तोडगा निघाला, 'सर्वदलीय संयंत्र'. गावातल्या सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी एकत्र बसतील, सचिव त्यांच्या सल्ल्याने बजेट करेल, अशी ती कल्पना. काल एकमेकांवर बंदुका रोखणारे आज एका टेबलाशी बसले, हा तिचा फायदा खराच होता. पण जेवढे पक्ष तेवढे वाटे, अशी तिची गत झाली. विरोधी पक्ष असा उरलाच नाही, मग जाब विचारणार कोण? गैरव्यवहाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या की भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या घटनात्मक आयोगाने ही व्यवस्था मोडायला सांगितलं आणि २०१२ च्या सुरुवातीला ती बरखास्त झाली.

त्याच सुमारास दुसरा एक प्रयोग चालू होता, 'वडा नागरिक मंच'. प्रत्येक वडातले साधारण २५ लोक. त्यांत बायका, दलित, जनजाती, अपंग, तरुण असे सर्व थरांतले लोक घ्यायचे आणि वडाला काय हवं ते त्यांनी ठरवायचं. शिवाय सर्वांत गरीब वस्त्यांत 'नागरिक सचेतना केंद्रं' उघडली गेली. तिथे बायका आपल्या वस्तीचे प्रश्न मांडायला, अर्ज लिहायला, सरकारी योजनेत आपला हक्काचा पैसा किती ते विचारायला शिकल्या. मंचाच्या हाती अधिकार नव्हता. त्याने मागणी करायची, मंजुरी वरच्याने द्यायची. काही ठिकाणी मंचही पक्षांच्या कार्यकर्त्यांनीच भरला. तरीसुद्धा हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. युद्धानंतर पक्षांमध्ये समेट घडवणं निकडीचं असतं, पण पक्षांचा समेट झाला म्हणजे गावाला प्रतिनिधित्व मिळालं असं होत नाही. संयंत्राकडे अधिकार होता आणि त्याला लोक विचारू शकत नव्हते. मंचात लोक होते आणि त्यांच्याकडे अधिकार नव्हता.

सात शिक्के

२० सप्टेंबर २०१५ ला नवं संविधान लागू झालं. जुन्या तीन हजारांहून अधिक गाविस आणि नगरपालिका मोडून त्यांतून ७५३ मोठी 'स्थानिक तहं', म्हणजे स्थानिक सरकारं, घडवली गेली: ६ महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका आणि ४६० गाउँपालिका. त्यांच्या खाली ६,७४३ वडा. संविधानाच्या आठव्या अनुसूचीने या संस्थांना २२ विषयांचे अधिकार थेट दिले. त्यांत माध्यमिकपर्यंतचं शिक्षण, प्राथमिक आरोग्य, स्थानिक रस्ते, स्थानिक कर हे सगळं येतं. आपल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना कोणते विषय द्यायचे ते राज्यांवर सोडलं. नेपाळमध्ये पालिका हे संविधानानेच निर्माण केलेलं तिसरं सरकार आहे. ती स्वतः कायदा करू शकते.

१९९७ नंतर तब्बल २० वर्षांनी, २०१७ साली, मे, जून आणि सप्टेंबर अशा तीन टप्प्यांत निवडणुका झाल्या. तराईतल्या मधेशी पक्षांचा संविधानातल्या तरतुदींना विरोध होता, आंदोलनात माणसं मेली होती. म्हणून तिथल्या प्रांताची पाळी सर्वांत शेवटी आली.

मतपत्रिकेकडे जरा जवळून पाहिलं पाहिजे, कारण सगळी रचना तिच्यात उतरलेली आहे. नेपाळी मतदार स्वस्तिकाचा शिक्का मारतो. २०१७ मध्ये त्याला एकाच कागदावर सात शिक्के मारायचे होते: पालिकेचा प्रमुख, उपप्रमुख, वडाध्यक्ष, स्त्री सदस्य, दलित स्त्री सदस्य, आणि दोन खुले सदस्य. म्हणजे मतदार ब्राह्मण असो की ठकुरी, मगर असो की थारू, पुरुष असो की बाई, प्रत्येकाला त्या ओळीत एका दलित बाईच्या नावासमोरच्या चिन्हावर शिक्का उमटवावा लागणार होता. ज्या गावात तिने भरलेलं पाणी चालत नाही, त्या गावात हे घडणार होतं. शिवाय प्रमुख आणि उपप्रमुख या दोन पदांना उमेदवार देताना प्रत्येक पक्षाने त्यांतली एक तरी स्त्री द्यायची होती.

एकूण ३५ हजारांवर जागांसाठी मतदान झालं. १४ हजारांहून अधिक स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे दर दहांत चार. त्यांत ६,५६७ दलित स्त्रिया. १७६ वडांत दलित स्त्रीची जागा उमेदवाराअभावी रिकामी राहिली. देशाच्या लोकसंख्येत दलित सुमारे १३ टक्के, आणि त्यांच्यातल्या बायकांना सत्तेच्या टेबलापाशी याआधी क्वचितच कोणी बोलावलं होतं. गावातून पळून गेलेलं सरकार परत आलं ते या बायकांना घेऊन.

सही आणि शब्द

पुढे काय झालं? आपल्याकडे 'सरपंचपती' हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना पहिला अंदाज लगेच करता येईल. पक्षांनी बऱ्याच दलित स्त्रियांना ऐन वेळी गाठून अर्ज भरायला लावलं होतं. निवडून आल्यावर बैठकीची सूचना उशिरा यायची किंवा यायचीच नाही, आणि वही सहीसाठी घरी पाठवली जायची. सदस्यपद हे पगाराचं काम नाही. मोलमजुरी करणाऱ्या बाईने बैठकीला यायचं म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचं. निवडून आलेल्या दलित प्रतिनिधीला खोली भाड्याने द्यायला घरमालकाने नकार दिल्याच्या बातम्याही आल्या.

जागा मिळाल्याने जात जात नाही, याचा सर्वांत भयंकर पुरावा रुकुममध्येच मिळाला. २३ मे २०२० रोजी रुकुम पश्चिम जिल्ह्यातल्या सोती इथे वरच्या मानलेल्या जातीतल्या मैत्रिणीला आणायला गेलेल्या एका दलित तरुणाचा आणि त्याच्या सोबत्यांचा जमावाने पाठलाग केला. सहा जणांचे जीव गेले. आरोपींमध्ये त्या वडाचा निवडून आलेला अध्यक्ष होता. ज्या डोंगरात जातीची उतरंड मोडायची म्हणून युद्ध सुरू झालं, तिथलीच ही गोष्ट.

पण सगळ्या बायका सहीपुरत्या राहिल्या असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. वडा कार्यालयाचं रोजचं काम म्हणजे शिफारसपत्र. नागरिकत्वाचा दाखला, जन्मनोंद, विधवा भत्ता, घरपट्टी, वीजजोडणी, कशालाही आधी वडाची शिफारस लागते. नागरिकत्वाचा कागद नसलेल्या दलित आणि तराईतल्या भूमिहीन कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण हीच, की त्यांना ओळखणारं कोणी त्या कार्यालयात नसे. आता तिथे बसलेल्या पाचांतली एक बाई त्यांच्याच टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, होती. कागद कुठला लागतो, कोणाला भेटायचं, हे तिच्या अंगणात जाऊन विचारता येऊ लागलं. गरिबाच्या दृष्टीने समावेशक कारभाराची सुरुवात इथे होते.

उपाध्यक्षांची कचेरी

या रचनेतला सर्वांत नवखा भाग म्हणजे न्यायिक समिती. प्रत्येक पालिकेत तीन जणांची ही समिती असते आणि तिची प्रमुख असते उपप्रमुख किंवा उपाध्यक्ष. प्रमुखपदाची उमेदवारी पक्षांनी पुरुषांना दिल्याने २०१७ मध्ये उपपदांवर दहांत नऊ स्त्रिया आल्या. त्यामुळे देशभरातली सुमारे ७०० न्यायासनं एका झटक्यात बायकांच्या हाती गेली. त्यांतल्या बहुतेकींनी कायद्याचं पुस्तक उघडलेलं नव्हतं.

कायद्याने या समितीला १३ प्रकारच्या तंट्यांत निवाडा करण्याचा आणि आणखी ११ प्रकारांत मेलमिलाप, म्हणजे समेट, घडवण्याचा अधिकार दिला. ते तंटे कसले? शेताचा बांध सरकवला, पाटाचं पाणी फिरवलं, गुरांनी पीक खाल्लं, मजुरी दिली नाही, म्हाताऱ्या आईबापाला सांभाळत नाही, बायको-पोरांना अन्नवस्त्र देत नाही. समेटासाठी दोन्ही बाजू यादीतून आपापला मेलमिलापकर्ता निवडतात. हे वडातलेच प्रशिक्षण घेतलेले लोक असतात. आधी प्रत्येकाला न अडवता बोलू द्यायचं, मग दोघांना मान्य असलेल्या मुद्द्यांपासून सुरुवात करायची, आणि जमलं तर करारनामा लिहून अंगठे घ्यायचे, अशी पद्धत. समेट नाही झाला आणि विषय समितीच्या कक्षेतला असेल तर ती निर्णय देते. तो मान्य नसेल तर ३५ दिवसांत जिल्हा न्यायालयात दाद मागता येते.

ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे. जनअदालतीत न्याय झटपट मिळायचा, दाराशी मिळायचा, फुकट मिळायचा. आणि जिल्हा न्यायालय दूर, महाग, वर्षानुवर्षं चालणारं. गावाला जवळचा न्याय दिला नसता तर बंदुकीच्या न्यायाची आठवण गोड होत गेली असती. न्यायिक समितीने न्याय जवळ आणला आणि त्यावर अपीलही ठेवलं.

तिच्या उणिवाही तितक्याच ठळक आहेत. समितीतले तिघेही राजकीय पक्षांचे, त्यामुळे प्रतिवादी विरोधी पक्षाचा असला की निःपक्षपातावर शंका घेतली जाते. निर्णय झाला तरी तो अमलात आणायला स्वतःचा माणूस नाही. घरगुती मारहाणीच्या प्रकरणात 'समजुतीने घ्या' म्हणून बाईलाच परत पाठवण्याचा धोका आहे. पण नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन ठाण्याची पायरी न चढणाऱ्या बायका उपाध्यक्ष बाईंच्या खोलीत येऊ लागल्या, हेही तितकंच खरं.

उपाध्यक्षांकडे आणखी एक काम आहे. विकासकामांची तपासणी करणाऱ्या समितीच्या प्रमुखही त्याच. अध्यक्षाने काढलेल्या रस्त्याचं काम नीट झालं की नाही, यावर शेरा मारायचा उपाध्यक्षांनी. ठिणगी इथेच पडते.

असारातला पैसा

पालिकेचं बजेट असार, म्हणजे आषाढ, महिन्याच्या १० तारखेपर्यंत सभेत मांडायचं असतं. श्रावणाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे जुलैच्या मध्यात, नवं आर्थिक वर्ष सुरू होतं. त्याआधी योजना सात पायऱ्या चढून येते. त्यांतली कळीची पायरी म्हणजे टोल्याची, वस्तीची बैठक. वस्तीने आपल्याला काय हवं ते सांगायचं, वडाने क्रम लावायचा, मग ते पालिकेकडे जायचं.

कागदावर याहून चांगली लोकशाही शोधून सापडणार नाही. अडचण कुठे येते ते एका साध्या प्रश्नाने कळतं: बैठक किती वाजता? अकराला बोलावली तर मजूर नाही, संध्याकाळी बोलावली तर चुलीपाशी असलेली बाई नाही. आणि बजेटचा असार हाच भातलावणीचा महिना. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला सभागृहात येऊन आकडे ऐकायला सवड कुठून मिळणार? मग येतात ते ठेकेदार आणि पक्षाचे कार्यकर्ते. मागणीच्या यादीत पहिला येतो रस्ता, कारण रस्त्याला डोझर लागतो, आणि डोझर कोणाचा तरी असतो. काही ठिकाणी तो खुद्द लोकप्रतिनिधीचा किंवा त्याच्या भागीदाराचा निघाला. इंजिनिअरला न विचारता डोंगर कापायचा आणि पहिल्या पावसात दरड खाली आणायची, या प्रकाराला नेपाळी पत्रकारांनी 'डोझरे विकास' म्हणायला सुरुवात केली. वर्षभर पडून राहिलेला निधी शेवटच्या महिन्यात भर पावसात उडवायचा, तो 'असारे विकास'.

याला आवर घालायची साधनंही कायद्यात आहेत. लहान कामं उपभोक्ता समितीने करायची, तिच्यात किमान ३३ टक्के स्त्रिया हव्यात, अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी एक तरी स्त्री हवी. काम संपल्यावर लोकांसमोर हिशेब वाचायचा. 'सार्वजनिक सुनुवाई' भरवून अधिकाऱ्यांना आणि प्रतिनिधींना समोरासमोर प्रश्न विचारायचे. जिथे ही सुनावणी बाजाराच्या दिवशी, मोकळ्या जागेत होते तिथे सिमेंटची पोती मोजली जातात. बंद खोलीत झाली की नुसते फोटो निघतात. उपाध्यक्ष ठाम असेल तर काम तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटत नाही, आणि ती ठाम राहणार की नाही हे तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या बायकांच्या संख्येवर ठरतं.

यादीबाहेरची माणसं

समावेश कोणाचा, हा प्रश्न युद्धग्रस्तांपाशी येऊन फार अवघड होतो. करारानंतर जिल्ह्या-जिल्ह्यांत स्थानिक शांतता समित्या नेमल्या गेल्या. मृतांच्या आणि बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना अंतरिम मदत मिळाली, पण बलात्कार आणि छळ सोसलेल्यांना त्या मदतीच्या यादीत जागाच नव्हती. सत्यशोधन आणि बेपत्ता व्यक्तींचे आयोग २०१५ साली स्थापन झाले, साठ हजारांच्या वर तक्रारी आल्या, आणि कायद्यातली महत्त्वाची दुरुस्ती व्हायला २०२४ उजाडलं. नवरा बेपत्ता असलेल्या बाईला तो मेला असं लिहून दिल्याशिवाय जमीन नावावर करता येत नव्हती. आणि असं लिहून द्यायला तिचं मन धजत नव्हतं. वडा तिला शिफारसपत्र देऊ शकतो, न्याय देऊ शकत नाही. स्थानिक कारभार मजबूत केला की युद्धाच्या जखमा आपोआप भरतील असं मानणाऱ्यांनी या बाईचा विचार करावा.

दुसरा गट परतलेल्या लढवय्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या तपासणीत १९,६०२ माओवादी सैनिक पात्र ठरले, त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. तुकडीचं नेतृत्व केलेली, आंतरजातीय लग्न केलेली बाई गावात परतली तेव्हा तिला सासर-माहेर दोन्ही परकं झालं होतं.

तिसरा गट आपल्या फार जवळचा आहे. अछाम, बाजुरा, डोटी या सुदूर पश्चिमेच्या जिल्ह्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्यात कामाला येतात. युद्धाच्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या भीतीने पळालेल्या तरुणांची त्यात भर पडली. आपल्या सोसायटीच्या फाटकावर रात्र जागणाऱ्या, हॉटेलच्या भटारखान्यात राबणाऱ्या या माणसांच्या पैशावर तिकडची घरं चालतात, पण त्यांना इथून तिकडे मत देता येत नाही. परदेशातल्या नेपाळींच्या मतदानाची व्यवस्था करा, असा आदेश नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला. तो कागदावरच आहे. त्यांच्या गैरहजेरीचा एक परिणाम मात्र उलटा झाला. पुरुष बाहेर गेलेल्या गावांत वस्तीच्या बैठकीला येतात त्या बायकाच.

दुसरी फेरी

१३ मे २०२२ रोजी दुसरी निवडणूक एकाच दिवशी, वेळेवर झाली. वीस वर्षं स्थानिक निवडणूक न झालेल्या देशात हे मोठंच यश. पण त्याच निवडणुकीत पक्षांना पळवाट सापडली. 'प्रमुख आणि उपप्रमुख यांत एक स्त्री' ही अट दोन्ही पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षालाच लागू होती. युती केली, एकाने प्रमुखपद घेतलं, दुसऱ्याने उपपद, की दोघांचेही उमेदवार पुरुष चालत. उपपदांवरच्या स्त्रिया दहांत नऊवरून चारांत तीनवर आल्या. प्रमुखपदी २०१७ मध्ये १८ स्त्रिया होत्या, २०२२ मध्ये २५, ७५३ पैकी. आणि ६,७४३ वडाध्यक्षांत दोन्ही वेळा स्त्रिया शंभराच्याही आत. जिथे कायद्याने हात धरला तिथपर्यंत पक्ष आले, त्यापुढे पाऊलभरही नाही.

तरी या रचनेची पाळंमुळं किती रुजली याची परीक्षा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. तरुणांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, ७० हून अधिक माणसं गेली, संतप्त जमावाने सिंहदरबार पेटवला, पंतप्रधानांनी राजीनामा दिला, प्रतिनिधी सभा विसर्जित झाली. काही वडा कार्यालयंही जळाली. पण २००२ सारखी पोकळी झाली नाही. स्थानिक सरकारं कायम राहिली. केंद्रात सत्ता कोसळली असताना गावाचा कारभार बघणारे निवडून आलेले प्रतिनिधी जागेवर होते. स्थानिक सत्ता वरच्या सत्तेची नुसती शाखा असती तर हे घडलं नसतं.

२०२२ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत २०२७ मध्ये संपते. त्या निवडणुकीचा निकाल वाचताना कुठला पक्ष जिंकला याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. युतीची पळवाट बुजवली गेली का, ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची: पाच किंवा दहा वर्षं राखीव जागेवर बसून कारभार शिकलेल्या दलित स्त्रियांपैकी किती जणींना पक्षांनी वडाध्यक्षाची खुली उमेदवारी दिली. राखीव जागेने त्यांना आत आणलं हे नेपाळचं यश निर्विवाद आहे. त्यांना आतल्या आत त्याच खुर्चीवर बसवून ठेवलं, तर मात्र ज्या उतरंडीविरुद्ध डोंगर पेटला होता ती लोकशाहीच्या शिक्क्यानिशी पुन्हा उभी राहिली, असंच म्हणावं लागेल.